लष्करच्या गोठी आणि किल्ल्याची चढण

ग्वाल्हेरला येणारी बहुतेक मंडळी आग्र्याहून सकाळी येतात, गाडीने थेट किल्ल्यावर जाऊन मानमंदिर महाल बघतात, खाली उतरून जयविलास राजवाड्यातली झुंबरं आणि जेवणाच्या टेबलावर फिरणारी चांदीची आगगाडी बघतात आणि संध्याकाळी झाशी-ओरछ्याच्या वाटेला लागतात. त्यात चूक काही नाही, झुंबरं खरंच मोठी आहेत. मला मात्र यांच्या मधल्या गल्ल्यांत फिरायचं होतं. किल्ल्याच्या दक्षिणेला १८१० साली दौलतराव शिंद्यांच्या फौजेची छावणी पडली आणि पुढे ती उठलीच नाही, ते लष्कर. आणि किल्ल्याच्या पूर्वेच्या पायथ्याशी त्याच्या कितीतरी आधीपासून नांदत असलेलं जुनं ग्वाल्हेर. माझी आतेबहीण लग्न होऊन लष्करात गेली त्याला तीस वर्षं होतील. दर संक्रांतीला फोनवर “ये ना, ये ना” चालायचं. या वर्षी गेले.

गुरुवार

गाडी धुक्यात अडकली. झाशीच्या अलीकडे ती सिग्नलला उभी राहायची तेव्हा खिडकीबाहेर शेजारचा रूळसुद्धा दिसत नव्हता. सकाळी पोचायची ती दुपारी जेवणवेळ टळून गेल्यावर पोचली. भावोजी स्टेशनवर मफलर, कानटोपी आणि वर आणखी एक शाल अशा थाटात उभे होते. “पुण्याची थंडी विसरा आता,” एवढंच म्हणाले.

घर जुन्या लष्करात, आत आत गेलेल्या एका गल्लीत आहे. रिक्षा तोंडाशीच थांबते, पुढे बॅग हातात. ताईच्या सासूबाई, म्हणजे माई, ऐंशीच्या पुढच्या. त्यांचा जन्मही लष्करातला आणि सासरही लष्करातलंच. महाराष्ट्रात त्या आजवर लग्नकार्याला किंवा पंढरपूर-कोल्हापूरला म्हणून जेवढं जाणं झालं तेवढ्याच गेलेल्या. पण बोलणं ऐकावं तर अस्सल मराठी, त्यात मधूनच हिंदी क्रियापद येऊन बसतं. “थकली असशील, आधी नहाऊन घे, मग हा तुला बाडा घुमवून आणेल,” असं नातवाकडे हात करून म्हणाल्या. माझ्या भाच्याचं अगदी उलट. तो बोलतो हिंदी आणि मधे मधे मराठी पेरतो.

संध्याकाळी ‘बाडा’ झाला. महाराज बाडा म्हणजे लष्करचा मधला चौक. शिंद्यांच्या काळात भोवती एकेक इमारत उभी राहिली, प्रत्येक इमारतीची घडण वेगळी. पोस्टाच्या इमारतीला युरोपी खांब, टाउन हॉलचा तोंडवळा आणखी निराळा, शेजारी कमानी आणि छत्र्या. मधे पुतळा, भोवती मोज्यांचे, स्वेटरचे, शेंगदाण्यांचे गाडे. पर्यटन खात्याच्या माहितीफलकांवर या शैलींची यादी असते. मला त्यापेक्षा चौकाच्या एका बाजूची गोरखी बघायची होती. जयविलास १८७४ साली उभा राहिला, त्याच्या आधी शिंद्यांचा राहता वाडा हाच. आज त्या आवारात शाळा आहे, अटलबिहारी वाजपेयी याच गोरखीच्या शाळेत शिकले. आत शिंद्यांचं देवघर आहे आणि त्या देवघरात महादजींचे गुरू मन्सूरशाह यांची गादी. दसऱ्याला शिंदे घराण्यातली माणसं आजही इथे पूजेला येतात. मराठा सरदाराच्या कुलदैवतांसोबत एका सूफी फकिराचं स्थान, आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. भाचा म्हणाला, “वो तो हमेशा से है, मावशी.”

शुक्रवार

आजचा दिवस फक्त पायी, असं मी जाहीर केलं होतं. भावोजींनी रजा टाकली. नाश्त्याला कोपऱ्यावरची बेडई आणली, सोबत बटाट्याची पातळ, हिंगाच्या वासाची भाजी. बेडई दिसते पुरीसारखी, पण आत उडदाच्या डाळीचं सारण असल्याने दोन खाल्ल्या की दुपारपर्यंत बघायला नको. ताई म्हणाली, पोहेही करते. नको म्हटलं.

लष्कराचा नकाशा कागदावर पाहिला तर गोंधळ वाटतो, पायाखाली आला की उलगडतो. सराफा बाजाराचा रस्ता रुंद आणि सरळ, दोन्ही बाजूंना कोरीव गवाक्षं असलेल्या हवेल्या. हा दिमाखाचा रस्ता. त्याला फुटणाऱ्या गल्ल्या मात्र वळत वळत जातात आणि प्रत्येकीला एका सरदाराचं किंवा कारभाऱ्याचं नाव चिकटलेलं. शितोळे साहब की गोठ. निंबाळकर की गोठ. चिटनीस की गोठ. महाडिक की गोठ. बाजार म्हणाल तर पाटणकर बाजार आणि फालका बाजार. फाळक्यांचं नाव दोनशे वर्षं हिंदी तोंडांतून फिरल्यावर ‘फालका’ होणारच, त्यांना दोष देऊन उपयोग नाही. गोठ म्हणजे तळ. छावणीत प्रत्येक सरदाराचा तळ वेगळा, त्याची माणसं, घोडी, भाट, भटजी, सगळं त्याच्याभोवती. मधे बाजार. राहुट्यांच्या जागी दगडी वाडे आले, तरी कोण कुणाशेजारी उतरला होता ते अजून कळतं. शहर आखायला कुणी इंजिनिअर बसला नव्हता, तळ जिथे पडला तिथे गल्ली झाली. मला लष्कराबद्दल सांगण्यासारखी मुख्य गोष्ट हीच वाटते. फौजेचा मुक्काम बघायचा असेल तर संग्रहालयातल्या तलवारींपेक्षा या गोठी फिराव्यात.

एका गोठीत भावोजींच्या ओळखीचा वाडा होता, तिथे आत जाता आलं. दरवाजा इतका उंच की घोड्यावरचा स्वार मान न वाकवता आत यावा, आणि त्यातच माणसांपुरती दिंडी. चौकटीवर गणपती, शेंदराने इतका जाड झालेला की सोंड कोणत्या बाजूला ते हात लावून पाहावं लागलं. महाराष्ट्रातल्या वाड्यात शिरलं की आधी लाकूड दिसतं: खांब, तुळया, पाट्या. इथे सगळा दगड. ग्वाल्हेरचा हा वाळूचा दगड फिकट, पिवळसर, थोडी गुलाबी झाक असलेला. छतसुद्धा दगडी तुळयांवर लांबलचक फरश्या टाकून केलेलं. सज्जा तोललेला आहे तो दगडी टोड्यांवर, आणि प्रत्येक टोडीच्या टोकाला उलटं कमळ. सज्जाच्या जाळीकडे जवळून पाहिलं. बोटभर जाडीच्या एकाच फरशीतून षट्कोनी नक्षी कापून काढलेली, आतल्या कडा बाहेरच्यापेक्षा किंचित तिरक्या, त्यामुळे आतून रस्ता दिसतो आणि रस्त्यावरून आतलं काही दिसत नाही. एका कोपऱ्यात दोन घरं तुटली होती, ती सिमेंटने बुजवलेली. बुजवणाऱ्याने वरून खिळ्याने षट्कोन ओरखडून ठेवला होता, तेवढी लाज त्याला वाटली म्हणायची.

चौकात तुळशीवृंदावन आहे. त्याच्याभोवती एका भाडेकरूच्या दोन मोटरसायकली, दुसऱ्याची पाण्याची काळी टाकी, आणि ओसरीवर ‘मॅथ्स-फिजिक्स, ९ से १२’ असा क्लासचा फलक. मूळ मालकांची सहा घरं झाली, त्यातली दोन इंदूरला, एक पुण्याला. बाकीच्यांत दावा चालू आहे. वाडा पाडायचा तर सगळ्यांच्या सह्या हव्यात, त्या होत नाहीत, म्हणून वाडा उभा आहे. पुरातत्त्व खात्याला जे जमत नाही ते भाऊबंदकी करून दाखवते.

पुढे फालका बाजारातलं राममंदिर. दुपारची वेळ, देवळात आम्ही, पुजारी आणि माळ ओढत बसलेल्या दोन बायका. तिथून ढोलीबुवांच्या पुलाकडे. पुलाचं नाव कीर्तनकारांच्या घराण्यावरून पडलंय. ढोलीबुवांची परंपरा नाथपंथी, कीर्तन मराठी वळणाचं. दर डिसेंबरात तानसेन समारोह भरतो तेव्हा सकाळी तानसेनाच्या समाधीपाशी आधी शहनाई वाजते, मग ढोलीबुवांची हरिकथा होते आणि मग मिलाद, म्हणजे पैगंबरांची स्तुती. मोठ्या कलावंतांच्या मैफली त्यानंतर. समारोहाच्या बातम्यांत मैफलींचेच फोटो येतात, या सकाळच्या भागाला गाववाले लोकच असतात, असं भावोजी म्हणाले.

मग जीवाजीगंज. इथे एका गल्लीत सरोदघर आहे. उस्ताद हाफिज अली खाँ यांचं राहतं घर, आता त्याचं संग्रहालय केलं आहे. अमजद अली खाँचा जन्म इथलाच, १९४५चा. घर दगडीच, मधे चौक, चौकाभोवती वाद्यं मांडलेल्या खोल्या. जुने रबाब आहेत, सरोदाच्या आधीची पिढी. रबाबाला लाकडी पट्टी आणि आतड्याच्या तारा, सरोदाला पोलादी पट्टी आणि धातूच्या तारा, त्यामुळे मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, लांब टिकते. दोन्ही वाद्यं शेजारी ठेवलेली पाहिली की फरक वाचायची गरज उरत नाही. बघायला आम्हीच होतो. राखणदाराने दिवे लावले आणि आम्ही पुढच्या खोलीत गेलो की मागचे मालवले.

खरं तर महाराष्ट्रातल्या ख्यालगायनाचं आजोळ म्हणजे या गल्ल्या. हद्दू खाँ आणि हस्सू खाँ शिंद्यांच्या दरबारी गायचे. त्यांची विद्या वासुदेवबुवा जोशींकडे आली. त्यांच्याकडे शिकायला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर दक्षिणेतून इथवर आले, आणि शिकून परत गेले तेव्हा ग्वाल्हेरची गायकी मिरज-इचलकरंजीकडे पोचली. त्यांचे शिष्य विष्णू दिगंबर पलुस्कर. त्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. म्हणजे आपल्याकडे गल्लीबोळांतून ज्या परीक्षा देतात, त्यांचा धागा इथे येऊन पोचतो. लष्करातच राहिलेले दुसरे घराणे शंकर पंडितांचे. त्यांचे चिरंजीव कृष्णराव शंकर पंडित १८९३ ते १९८९ असे शतकाच्या जवळ जगले, आणि १९१४ साली त्यांनी इथे सुरू केलेलं शंकर गांधर्व महाविद्यालय याच शहरातलं. २०२३ साली युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताचं शहर म्हणून मान दिला. बाड्यावर त्याचे फलक लागलेत. जीवाजीगंजातल्या गल्लीत मात्र संध्याकाळी एका वरच्या मजल्यावरून हार्मोनियमवर यमनाचे आरोह-अवरोह ऐकू आले. पोरगी तीव्र मध्यमावर दर वेळी अडखळत होती आणि बाई दर वेळी “फिर से” म्हणत होत्या. फलकांपेक्षा मला तो आवाज जास्त खात्रीचा वाटला.

संध्याकाळी घरी हळदीकुंकू. संक्रांत ते रथसप्तमी इथे अगदी आपल्यासारखंच चालतं. बायका नऊवारीत नाही, पण नथ घालून आलेल्या, आणि ओटीत हरभरे, बोरं, उसाचे करवे. तिळगूळ म्हणून हातावर जे ठेवलं ते गजकेचे, म्हणजे तीळ-गूळ कुटून केलेल्या इथल्या मिठाईचे, चौकोनी तुकडे. मी जरा थबकले, तशी माई म्हणाल्या, “अगं, लाडू कोण खातो इथे? गजक असताना?” सगळ्या हसल्या. बोलण्यात राजकवी भा. रा. तांब्यांचा विषय निघाला. शेवटची वर्षं ते इथेच होते, १९४१ साली गेले तेही इथेच. माईंच्या सासऱ्यांनी त्यांना पाहिलं होतं. मग एकीने मुक्तिबोधांचं नाव घेतलं. गजानन माधव याच संस्थानातल्या श्योपूरला जन्मले आणि हिंदीचे मोठे कवी झाले, धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीचे. एकाच घरात दोन भाषा वाटून घेतल्या. इथल्या प्रत्येक घरात तेच चालू आहे, फक्त कविता होत नाहीत.

शनिवार

किल्ल्यावर जायला दोन वाटा. पश्चिमेच्या उरवाई दरवाजाने गाड्या जातात. पूर्वेच्या ग्वाल्हेर दरवाजाची वाट फक्त पायी. सगळे पहिली घेतात, आम्ही दुसरी घेतली. भाचा बरोबर होता, भावोजी गुडघ्याचं कारण सांगून उरवाईने वर येऊन भेटणार होते.

चढण्याआधी तासभर खाली काढला, आणि तो सार्थकी लागला. टेम्पोने किला गेटला उतरलं की लष्कर विसरायला होतं. रस्ते अरुंद, घरं बुटकी, त्यांचा दगड जास्त काळवंडलेला. इथे मराठी नाव एकाही पाटीवर दिसलं नाही. घास मंडीच्या बाजूच्या एका बोळात घराच्या जोत्यात कोरीव खांबाचा तुकडा आडवा बसवलेला पाहिला. कुठल्या देवळाचा की महालाचा, कोण जाणे. वर मालकीण भाजी निवडत बसली होती. “पुराना है?” विचारलं तर म्हणाली, “यहाँ सब पुराना है।” औरंगजेबाच्या काळातली जामा मशीद दरवाजाच्या जवळच आहे. तिच्या पायऱ्यांवर ऊन आलं होतं, म्हातारे लोक गोधड्या घेऊन ऊन खात बसले होते. धुकं फाटून किल्ल्याचा कडा वर दिसायला लागला आणि लगेच परत बुजला.

दरवाजातून आत शिरलं की खालीच गुजरी महाल. राजा मानसिंह तोमराने राणी मृगनयनीसाठी बांधलेला, आता त्यात पुरातत्त्व संग्रहालय आहे. तिथली ग्यारसपूरची शालभंजिका, म्हणजे स्त्रीची दगडी मूर्ती, लहानशी, हात तुटलेली. तिच्यापुढे थांबणं भाग पडतं. बाकी दालनांतून आम्ही भराभर गेलो, कारण चढण बाकी होती.

ही चढण छातीवर येणारी आहे. रस्ता दगडी, रुंद, हत्ती चढतील असा, आणि प्रत्येक वळणावर दरवाजा. गणेश दरवाजा, लक्ष्मण दरवाजा, वर हत्ती पोळ. त्या दिवशी वाटेत शाळेतली काही मुलं आणि डोक्यावर पाण्याच्या बाटल्यांचा खोका घेऊन चढणारा एक माणूस, एवढेच भेटले. मधे कातळात एक छोटं देऊळ कोरलंय, चतुर्भुजाचं. दहा-बारा फुटांचा गाभारा, पुढे चार खांबांचा मंडप, वर शिखर. आपण वेरूळ पाहिलेली माणसं, त्यामुळे आकाराने भारावून जायचं कारण नाही. इथे यायचं ते आतल्या भिंतीवरच्या शिलालेखासाठी. संवत ९३३, म्हणजे इ. स. ८७६. प्रतिहार राजा भोजदेवाच्या राज्यात या किल्ल्याचा कोटपाल होता अल्ल, वाइल्लभट्टाचा मुलगा. त्याच्या वेळचा हा दानलेख. देवाच्या फुलबागेसाठी २७० हात लांब आणि १८७ हात रुंद जमीन, आणि माळ्यांनी रोज ५० माळा द्यायच्या. या २७० मधला आणि ५० मधला शून्य, म्हणून हा लेख जगभरच्या गणितवाल्यांना माहीत आहे.

राखणदाराने कुलूप काढून दिलं आणि मोबाइलच्या उजेडात अक्षरं दाखवली. शून्य बाकीच्या आकड्यांपेक्षा लहान, ओळीत किंचित वर चढलेला, छोटंसं वर्तुळ. कोरणाऱ्याने त्याचं काही विशेष केलेलं नाही. २, ७ आणि मग ०, हिशेब पुढे चालू. याहून जुना शून्य कंबोडियातल्या एका लेखात सापडला आहे, सातव्या शतकातला. त्यामुळे ‘जगातला पहिला शून्य’ हे वाक्य गाइडांनी आता सोडायला हरकत नाही. मला तर हा पहिला नाही याचंच बरं वाटलं. पहिला असता तर तो कुणा पंडिताचा शोध म्हणून मिरवला असता. इथे नवव्या शतकातल्या किल्लेदाराच्या कारकुनाला बागेची मोजणी आणि माळांचा हिशेब लिहिताना शून्य सहज सुचतोय, म्हणजे तो तेव्हा बाजारातही रुळलेला असणार. भाचा बी.कॉम. करतो. तो म्हणाला, “म्हणजे ही रिसीट आहे.” बरोबर आहे, ती रिसीटच आहे.

वर मानमंदिरावर गर्दी होती. निळ्या फरशीतली बदकं आणि केळीची झाडं बाहेरच्या भिंतीवर अजून तजेलदार आहेत, ती डोळे भरून पाहिली. तळघरात गाइड मोठ्याने कैदखान्याच्या गोष्टी सांगत होता, तिथून निघालो. सहस्रबाहूच्या देवळाला सगळे ‘सास-बहू’ म्हणतात. कच्छपघात राजा महीपालाच्या काळात १०९३ साली पुरं झालं. तिथे थोडं बसलो. हा टेकडीचा पूर्वेचा काठ, खाली सबंध शहर. भाच्याने बोटाने दाखवलं: ते जुनं ग्वाल्हेर, तिकडे मुरार, आणि दक्षिणेकडे उतरत गेलेलं लष्कर. वरून पाहिलं की तिन्ही गावं वेगळी होती हे कळतं, मधली भर नंतरची. १८५८ नंतर इंग्रजांनी हा किल्ला आपल्याकडे ठेवला आणि मुरारला छावणी केली. १८८६ साली झाशी घेऊन त्यांनी किल्ला शिंद्यांना परत दिला. म्हणजे जवळजवळ अठ्ठावीस वर्षं लष्करातले लोक रोज सकाळी मान वर करून दुसऱ्याचं निशाण बघत होते.

भावोजी गुरुद्वारात भेटले. गुरू हरगोबिंदांना जहांगीराने या किल्ल्यात ठेवलं होतं, आणि सुटताना त्यांनी बरोबरच्या बावन्न राजांनाही सोडवलं, म्हणून ‘दाता बंदी छोड’. लंगरात डाळ, फुलके, खीर. किल्ल्यावर दिवसभर फिरायचं असेल तर याहून चांगलं जेवण नाही, आणि वाढणारे “और लो जी” म्हणत सोडत नाहीत.

उतरताना उरवाईची वाट. दोन्ही बाजूंच्या कड्यात जैन तीर्थंकरांच्या उभ्या मूर्ती, पंधराव्या शतकात तोमर राजांच्या वेळी कोरलेल्या. सगळ्यांत मोठी आदिनाथांची, सत्तावन्न फुटांच्या आसपास. १५२८ साली बाबर इथे आला, त्याने या मूर्ती विद्रूप करायचा हुकूम दिला. बऱ्याच चेहऱ्यांची नंतर डागडुजी झाली आहे. पायथ्याशी उभं राहिलं तर नजरेला फक्त पावलं येतात, एकेक बोट माझ्या हाताच्या पंजापेक्षा मोठं. रस्त्यावरून गाड्या हॉर्न वाजवत जात होत्या, एकीनेही वेग कमी केला नाही.

रविवार

सकाळी फूलबागेत राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीवर गेले. मराठी माणूस ग्वाल्हेरला येतो तेव्हा एक अवघड प्रश्न खिशात घालून येतो. १ जून १८५८ला तात्या टोपे, रावसाहेब पेशवे आणि राणी यांनी ग्वाल्हेर घेतलं, जयाजीराव शिंदे आग्र्याला निघून गेले, आणि अठरा दिवसांच्या आत राणी इथे पडल्या. त्या वेळी शिंदे या बाजूला असते तर? लष्करात हा प्रश्न विचारला की लोक चिडत नाहीत, पण उत्तरही देत नाहीत. भावोजी म्हणाले, “दर जूनमध्ये इथे मेळा भरतो, आम्ही सगळे येतो. आणि दसऱ्याला गोरखीतही जातो.” समाधी साधी, बागेत, वर घोड्यावरची राणी. जवळच गंगादासांची शाळा, म्हणजे साधूंचा मठ, जिथल्या साधूंनी राणीच्या देहाला अग्नी मिळेपर्यंत इंग्रजांना थोपवलं आणि त्यात शेकडो साधू कामी आले. समाधीपाशी रविवारचे फिरायला आलेले लोक होते. या मठाकडे कुणी वळताना दिसलं नाही. थोडं पुढे टेकडीच्या कड्यात एक पत्थर की बावडी आणि पार्श्वनाथांची बैठी मूर्ती आहे. बावडीचं पाणी गार आणि स्वच्छ, आसपासचे लोक कळशा भरून नेत होते.

दुपारी हजीरा. तानसेनाचे सूफी गुरू मुहम्मद घौस यांचा मकबरा मोठा, चौरस, कोपऱ्यांवर षट्कोनी बुरूज, आणि चारही बाजूंना दगडी जाळ्या. शुक्रवारी वाड्यात पाहिलेल्या जाळीची थोरली बहीण म्हणा. आतून बघाल तर जमिनीवर उन्हाची नक्षी सरकत असते, प्रत्येक जाळीची वेगळी. शेजारी उघड्या जोत्यावर तानसेनाची कबर, वर बारीक खांबांची छत्री. अकबराच्या दरबारचा एवढा मोठा गवई, पण कबर गुरूच्या सावलीत आणि त्याच्या मानाने अगदी लहान. जवळ चिंचेचं झाड आहे. पाला खाल्ला की गळा सुरेल होतो म्हणून गाणारी माणसं आजही पानं तोडतात. मीही दोन चघळली. आंबट होती. गळ्याबद्दल ताईने मत दिलं नाही.

परतताना गजक. ताईने ठरवलेल्या दुकानाच्या मागेच कारखाना होता आणि मालकाने आत येऊ दिलं. गुळाचा पाक कढईत गोळीबंद झाला की तो परातीवर ओततात. थोडा निवला की त्याचा गोळा भिंतीतल्या जाड खुंटीला अडकवून ओढायचा, दुमडायचा, परत ओढायचा. ओढता ओढता तांबूस पाक फिकट आणि मग जवळजवळ चंदेरी होतो, कारण आत हवा शिरते. ओढणारा मुलगा विशीचा, थंडीत बनियनवर, घामाघूम. मग तो पाक भाजलेल्या तिळांत घालायचा आणि चार माणसांनी भोवती बसून लाकडी हातोड्यांनी कुटायचं, एकामागून एक, ताल न चुकवता. तीळ फुटला पाहिजे पण पीठ होता कामा नये. कुटाई कमी झाली तर चिक्की होते, जास्त झाली तर तेल सुटतं. मुरैना आणि ग्वाल्हेर या दोन गावांत कुणाची गजक चांगली यावर इथे जेवणं थंड होतात. मालक ग्वाल्हेरचा असूनही म्हणाला, पाणी मुरैन्याचंच. कारागीरही मुरैन्याचे होते.

मी गुळाची खस्ता गजक दोन किलो मागितली. पत्ता पुण्याचा ऐकून त्याने एक किलोच बांधली. “वहाँ ठंड कितनी पड़ती है? बस? तो दस दिन में खा लेना, फिर पसीज जाएगी। बाकी अगले साल आके ले जाना।” ताईने घासाघीस करून आणखी अर्धा किलो टाकायला लावली, आणि त्याने ती वेगळ्या डब्यात, वर्तमानपत्राच्या दोन घड्या घालून, “ये पहले खोलना” असं सांगून दिली.